रुद्राणीचा बो

"परत सुटला," रुद्राणी म्हणाली आणि बो-टायची दोन्ही टोकं गळ्यात लोंबकळत ठेवून बोळातल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली.

रावजीने ताटल्या पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. होटगी रस्त्यावरच्या त्या लॉनवर लग्न असलं की वेटरांचा कॅप्टन तोच. रबर लावलेला तयार बो त्याला अजिबात खपत नसे. तसला बो गॅदरिंगमधल्या पोरांनी घालावा, असं त्याचं ठाम मत. नव्या माणसाला तो आधी हाताने बो बांधायला शिकवायचा, मग ताट कसं धरायचं ते. बाकीचे दोन-तीन दिवसांत शिकत, नाहीतर वैतागून काम सोडत. अक्कलकोटकडची ही रुद्राणी मात्र शिकतही नव्हती आणि सोडतही नव्हती.

"एक टोक लांब ठेव," रावजी म्हणाला. "ते दुसऱ्यावरनं घे, खालनं वर काढ. आता आखूड टोकाची घडी गळ्याशी धर. लांब टोक तिच्यावरनं खाली सोड. आन् त्याचीच घडी करून मागच्या फटीत ढकल. झालं की!"

"तुमच्या हातात लगेच होतं, काका."

"तू आरशात बघतीस म्हणून घोळ होतो. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. बोटांनी बघायचं. हितनं बाजूला हो बघू."

"आरशाबिगर मला न्हाय जमणार," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

रावजीला हसू आलं. हट्टी माणसं त्याला आवडायची. जेऊरहून आला तेव्हा तोही असाच होता. कपबशा विसळता विसळता कॅप्टन झाला, आणि आता "रावजी असला की घोर नाही" असं यजमान एकमेकांना सांगत.

पण त्याच नावावर आता गदा आली होती. या लग्नसराईत नवरीच्या खोलीतून दागिने गेले होते, तेही एकदा नव्हे. केटरिंगच्या मालक मालतीबाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "अजून एकदा असं झालं की मी धंद्याला कुलूप लावणार. मग रावजी काय आणि कोण काय, सगळ्यांनी घरी बसायचं."  त्या दिवसापासून काम संपल्यावर रावजी प्रत्येकाची पिशवी स्वतः झाडून बघे. कुणाची भीड धरत नसे. निम्मे वेटर अपमान सहन न होऊन निघून गेले. त्यांच्या जागी जी माणसं आली, त्यांत ही रुद्राणी.

तिचं त्याला मनापासून कौतुक वाटायचं. तक्रार नाही, चहाला म्हणून वेळ काढणं नाही. ताटं तर मुरलेल्या वेटरासारखी धरायची. फक्त तो एक बो! जेवणाच्या पंगती उठल्या, जरा उसंत मिळाली की स्वारी आरशासमोर. सोडायचा, बांधायचा, पुन्हा सोडायचा.

"तिला रबराचा देऊन टाक की एकदाचा," मालतीबाई एकदा म्हणाल्या.

"न्हाय बाई," रावजी म्हणाला. "असली चिकाटी आजकाल कुटं बघायला मिळती? आपल्या पोटच्या पोरीत असती तर मी पेढे वाटले असते."

त्या रविवारी लग्न मोठं होतं. नवरीच्या अंगावर होतं त्याहून जास्त सोनं खोलीत आहे, अशी कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत आली होती.  आजचा दिवस पार पडला म्हणजे मिळवली, असं रावजी सकाळपासून मनाशी घोकत होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. झाडून सगळे अक्षता घेऊन मांडवात गेले. बोळात कुणी नव्हतं. रावजी बर्फाची बादली घेऊन आला, तर रुद्राणी आरशासमोरच.

ती बो बांधत होती. मान वर, नजर आरशात, आणि बोटं खाली आपापली चाललेली. घडी, वेढा, फट, दोन्ही टोकांना हलका ताण. बो असा बसला की रावजीने स्वतः बांधलेला त्याच्यापुढे वाकडा वाटावा. तो थबकला. त्याचं मन भरून आलं.

"जमलं की गं पोरी!"

रुद्राणी वळली.

"पहिल्याच दिवशी जमलं होतं, काका. तुमी शिकवताच इतकं चांगलं."

"मग रोज सोडत का होतीस?"

"या आरशात नवरीच्या खोलीचं दार दिसतं. आत्ता तिथनं कोण बाहेर आलं, तेबी दिसलं," ती म्हणाली. "बादली खाली ठेवा. बर्फात हात मी घालते, आन् बाहेर आमच्या ठाण्याची गाडी उभी हाय."