तिसरी थाप

त्या काळी घाटकोपरच्या टेकडीखाली श्यामकांत सबनीसांचा द्राक्षासवाचा कारखाना होता. श्यामकांतांनी तापमापक आणले, काचेच्या नळ्या आणल्या, पण वडिलांची सागवानी पिंपं मोडली नाहीत. घरच्याच माणसानं आत उतरून ती खरवडायची, ही रीतही त्यांनी ठेवली.

पिंपाच्या तळाशी आंबलेली हवा साचते आणि तिच्यात माणूस हाक मारायच्या आत पडतो. म्हणून आतल्यानं कमरेला दोर बांधायचा आणि थोड्या थोड्या वेळानं लाकडावर दोन थापा मारायच्या. थापा चुकल्या की बाहेरच्यानं दोर ओढायचा.

त्या दुपारी श्यामकांत आत उतरले होते आणि दोर त्यांच्या बायकोच्या, मृणालिनीच्या हातात होता.

"अहो, तीन कशाला मारताय?" ती म्हणाली. "दोन ऐकू येतात मला. बहिरी नाही झाले अजून."

"दोनच मारतोय गं," श्यामकांत आतून हसले. "तिसरी तूच मारतेस. माझी थट्टा करू नकोस."

मृणालिनीनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत दोर होता.

पुन्हा दोन थापा आल्या. मग अगदी तळातून, सावकाश, तिसरी.

"वर या बघू आधी."

"एवढी कड झाली की आलोच."

तिनं पिंपाला कान लावला. दोन थापा आल्या. तिसरी या वेळी बरीच वरून आली.

मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"अहो?"

तिनं सगळं बळ लावून दोर ओढला. तो नुसता जड लागला.

आणि तिच्या कानाशी, लाकडाच्या पलीकडून, तिसरी थाप एकटीच आली.