वाणातलं कार्ड

कार्ड बसेना.

भगवानने ते आधी हलक्या हाताने दाबलं, मग जोर लावून, मग उभं राहून. कॉम्प्युटरची पेटी टेबलावर पोट उघडं टाकून पडली होती, आणि पेशंटच्या नातेवाइकासारखे महिपतराव शेजारी उभे होते. ते भगवानचे सासरे. कार्ड त्यांनीच आणलेलं.

त्यांच्या लेकीच्या, शकूच्या, लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. जावयाला वाण द्यायचं होतं. डोंबिवलीच्या विहीणबाई, हौसाबाई, कधीपासून बजावत होत्या, "चांदीचं काहीतरी द्या, बाकी काही नको." पण महिपतरावांचं नौपाड्यात पुढारलेल्या विचारांचे म्हणून नाव होतं. ते त्यांनी स्वतःच केलेलं होतं. जावयाकडे नवाकोरा कॉम्प्युटर, आणि त्याला चांदीचं निरांजन? त्यांनी अनारशांच्या ताटात रितीपुरता साधा दिवा ठेवला आणि दिव्याशेजारी बाजारात नुकतंच आलेलं डिस्प्ले कार्ड. पडद्यावरची चित्रं म्हणे त्याने झरझर पळतात. "नव्या कॉम्प्युटरला हे बसणारच," दुकानदार म्हणाला होता.

आणि आता ते बसत नव्हतं. खोक्यावरच्या चित्रात कार्डाची खाच तपकिरी होती. पेटीत होत्या त्या सगळ्या पांढऱ्या.

दारात हौसाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. महिपतरावांना काळजी कार्डाची नव्हती, शकूची होती. 'तुझ्या बाबांनी वाणात निरुपयोगी पत्रा दिला' हे वाक्य आता पोरीला दर सणाला पुरणपोळीबरोबर वाढलं जाणार.

"चुकलंच माझं, विहीणबाई," ते म्हणाले. "दुकानदाराने फसवलं मला. उद्याच्या उद्या चांदीचं घेऊन येतो."

"बाबा, कार्ड चांगलं आहे हो," भगवान पेटीत डोकं घालून पुटपुटला. "आमचा कॉम्प्युटरच जुना आहे. त्याला हे नवं कार्ड चालतच नाही."

"जुना? अहो, लग्नाच्या बोलणीत तर—"

हौसाबाई आत आल्या. त्यांनी दार लोटलं. स्वयंपाकघरात शकू पुऱ्या तळत होती. तेलाचा चर्र आवाज थांबला नाही याची खात्री करून त्या म्हणाल्या, "हळू बोला, व्याही. भगवानच्या ऑफिसने काढून टाकलेला आहे तो. स्थळ चांगलं होतं, हातचं जाऊ नये म्हणून मीच नवा म्हणाले. आणि चांदी चांदी काय उगाच करत होते? निरांजन बसवायला कुणी पेटी उघडत नाही."

महिपतरावांच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं, की ते खुर्चीतच बसले. कित्येक दिवसांनी त्यांना पूर्ण श्वास घेता आला. त्या सुटकेच्या भरात माणूस नको तितका प्रामाणिक होतो, तसे तेही झाले.

"खरं सांगू का, विहीणबाई? शकूने कॉम्प्युटरचा कोर्स केलाय असं आम्हीही म्हणालो होतो ना? फी भरली होती फक्त. पोरगी क्लासला फिरकलीच नाही."

हौसाबाई पदराने घाम टिपत प्रथमच मोकळ्या हसल्या.

"ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं हो. म्हणून तर तिच्या बाजूने इतके दिवस निर्धास्त होतो!"