गाठीचा उपास

"गाठीला लोह मिळतंय. पेशींची ऊर्जा वाढते आहे," हेमलताच्या छातीवर चिकटवलेली, गाठीवर लक्ष ठेवणारी पट्टी आज पुन्हा बोलली. तिची थोरली जाऊ शालन हिनं हातातला डाव ओट्यावर आपटला.

"आता काय हवा शिजवून घालू तुला? तवा, कढई, विळी, सगळं मोडीत दिलं. पालेभाजी बंद, गूळ बंद. पांढरा भात गिळून अख्खं घर वैतागलंय!"

"मग हिला लोह मिळतं कुठून?" हेमलता उसळली. "मी फिकी दिसते म्हणून तुम्हीच आमटीत काहीतरी घालत असणार. लोह तोडलं तरच ही स्तनातली गाठ उपाशी मरणार, वहिनी. कितीदा सांगू?"

"ये, स्वतःच बघ पातेल्यात!" शालननं तिचा हात धरून ओढला आणि तिथंच थबकली. हेमलताच्या नखांत तांबडी माती होती. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली, गावाहून आणलेली.

हेमलतानं मूठ मिटून नखं लपवली. "पाणी घातलं की वास सुटतो. मग चिमूटभर खाल्ल्याशिवाय राहवतच नाही हो." तिनं छातीवर हात ठेवला. "माती मी मागते की ही मागते, तेच कळत नाही."

"कुणीही मागा, दोघींनाही मिळणार नाही," शालन करवादली. लग्न होऊन आल्यापासून जिला पाणी घातल्याशिवाय तिनं चहा घेतला नव्हता, ती तुळस तिनं कुंडीसकट उचलली आणि शेजारच्यांची बेल वाजवली.