पहाटेचे ठोके

शेजारचा सुतार रोज भल्या पहाटे मधल्या भिंतीवर हातोडी ठोकायचा. एकट्या राहणाऱ्या आजी लाटण्यानं उलट ठोकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, की मेला लगेच गप्प!

"चार ठोक्यांत कसलं आलंय सुतारकाम? मी जागी आहे का, ते चाचपतोय चोर!" आजींच्या मनात पाल चुकचुकली.

आज त्या मुद्दामच गप्प राहिल्या. ठोके वाढले, मग थांबले. थोड्या वेळानं त्यांच्याच दाराच्या फटीत पटाशी घुसली. आजींनी धाडकन दार उघडलं.

"सापडलास ना!"

सुतार मटकन उंबऱ्यावर बसला.

"आजी, आज शिव्या का नाही दिल्यात? तुमच्या लेकीनं बजावलंय, आईच्या शिव्या ऐकू आल्या नाहीत, तर सरळ दार फोडा."