क्लॅरीची शिट्टी

सकाळी सात वाजता बॅलरॅटच्या दवाखान्यात मर्लला विजेच्या झटक्यांच्या उपचाराची सहावी खेप देण्यात आली.

नैराश्यावरच्या गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा ती याला तयार झाली होती. थोडंफार विसरायला होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "बाकी काय जायचं ते जाऊ दे, क्लॅरीची शिट्टी तेवढी राहू दे," ती म्हणाली होती. तिचा नवरा क्लॅरी हयात असताना मेंढ्यांमागच्या कुत्र्याला आणि चहाच्या वेळी तिला एकाच शिट्टीने बोलवायचा. दोन लांब, एक आखूड.

दर खेपेनंतर शुद्धीवर येताच मर्ल ती वाजवून दाखवायची. आज तिने टोस्ट मागितला आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

"आई, बाबांची शिट्टी वाजव ना," मुलगी ग्लेनिस म्हणाली.

"कसली शिट्टी गं? आधी लोणी नीट लाव, कंजूष कुठली!"

तेवढ्यात खिडकीबाहेर शिट्टी वाजली. दोन लांब, एक आखूड. ग्लेनिसच्या हातातली सुरी थांबली. नर्सने मान वर केली. मर्ल निवांत खात राहिली.

ग्लेनिसने खिडकीतून खाली पाहिलं. तिच्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात क्लॅरीचा म्हातारा, ठार बहिरा कुत्रा उभा राहिला होता आणि रिकाम्या मैदानाकडे बघून शेपटी हलवत होता.