जोडापासून बोटभर

किशनरावांनी तुटलेली लोखंडी पट्टी विशाखाच्या पायापुढं आदळली.

"तिसऱ्यांदा तुटली तुझी वेल्डिंग. आता काय सांगतीस?"

विशाखानं काळा चष्मा कपाळावर सरकवला. पट्टी तण काढायच्या पॉवर वीडरची होती, हँडलला मशीनशी धरून ठेवणारी. ती तुटली की मशीन वावरात जागच्या जागी बसायचं. सोयाबीनमध्ये तण मातलेलं, आणि पंधरा दिवसांत किशनरावांचं मशीन तीनदा बसलं होतं.

किशनराव एकटे आले नव्हते. गाळ्याचे मालक अण्णाराव सोबत होते. रेणापूरच्या रस्त्याला त्यांचे चार गाळे, त्यातला शेवटचा विशाखाकडं.

"मागच्या वेळीच बोललो होतो बाई," अण्णाराव स्टुलावर टेकले. "अजून एक तक्रार आली की कुलूप. माझ्या गाळ्याचं नाव खराब व्हायलंय."

"आयटीआयचा कागद भितीला लावला म्हणून कोणी वेल्डर होत नसतंय," किशनराव म्हणाले. "चूल सोडून ठिणग्यात बसली. सरकारनं लई डोक्यावर घेतलंय तुमच्या लोकान्ला."

"सरकार राहू द्या काका. पट्टी बघू द्या."

"बघ की. तुझंच करणं हाय."

घरी तरी कोण कौतुक करत होतं. सासू सरजाबाई पहाटे किशनरावांच्या शेतातल्या आखाड्यावर गोठा झाडायला जायची आणि हंगामात त्यांच्याच वावरात खुरपायला. वीडर आला आणि खुरपं आढ्याला खोचलेलंच राहिलं. "आठ बायांचं काम त्या मशीननं खाल्लं," भाकरी थापता थापता ती चुलीला ऐकवायची, "आन माझीच सून त्याला औषधपाणी करती. शरम वाटंना." पट्टी पहिल्यांदा तडकली आणि विशाखानं ती जोडून दिली, त्या दिवसापासून दोघींत अबोला होता. अकरा महिन्यांची लुंबिनी एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायची, शब्द मात्र जात नव्हता.

"मशीन घेऊन बी आज बाया लावायची पाळी," किशनरावांचं तोंड चालूच होतं. "तुझी सासू बी तिथंच हाय, पोरीला झोळीत टांगून. विचार तिला, कसं बसलंय मशीन."

विशाखानं पट्टी उचलली. पट्टीवर चिखल आणि ग्रीसचा थर होता. तिनं डिझेलचं फडकं घेतलं, पुसलं. तारेच्या ब्रशनं घासलं. तुटलेलं तोंड उजेडाकडं धरलं आणि तशीच थांबली.

"काय झालं?" अण्णारावांनी विचारलं.

"जरा उजेडात या. हा माझा जोड. बोट फिरवा यावरून. कुठं भेग लागती का?"

अण्णारावांनी बोट फिरवलं. "न्हाई लागत."

"मग तुटलंय कुठं?"

"तुटलंय... बोटभर अलीकडं."

"आता हे तोंड बघा. लोखंड आपोआप तुटलं तर फोडलेल्या गुळावानी दाणेदार दिसतंय. इथं खाली एवढंसंच दाणेदार हाय. वरचं सगळं सपाट, अन् त्यावर बारीक रेघा. ह्या करवतीच्या रेघा हायत. अर्ध्याच्या वर कापून कोणी तरी ग्रीस फासलं. मशीन चालू झालं, उरलेलं तुटलं."

किशनरावांनी पट्टी हिसकावून घेतली. खालून वरून पाहिली.

"मागच्या दोन वेळेला का दिसलं न्हाई तुला?"

"तुम्ही डोक्यावर उभे. आवर म्हणला, मी न बघता ग्राइंडर मारला. ती चूक माझी."

"तूच कापलं असशील. धंदा चालावा म्हणून."

"मशीन असतंय तुमच्या आखाड्यात. तिथं पाय ठेवू देता का मला?"

अण्णाराव खाली बघून हसले. "हे मात्र खरंय, किशनराव."

किशनरावांचा चेहरा उतरला नाही, फक्त राग दुसरीकडं वळला. "कोण हाय ते घावू द्या. ठाण्यात नेऊन हाडं मोकळी करतो. जोड ती पट्टी."

कोणी तरी आपलं नाव बुडवायला निघालंय, हे विशाखाच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. लातूरला वर्गात एकटी मुलगी म्हणून वर्ष काढलं, बाळंतपणानंतर दोन महिन्यांत हातात वेल्डिंगचा होल्डर धरला, आणि कुणीतरी करवतीच्या एका पात्यानं ते सगळं कापत होतं. तिनं पट्टी जोडली. मग कोपऱ्यातून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा काढला, तापवला, आणि जोडाच्या दोन्ही बाजू झाकतील असा वर चढवला.

"आता खुशाल कापा म्हणावं," ती म्हणाली. "पातं बोथट होईल, पाटा कापला जायचा न्हाई."

किशनराव आभार न मानता गेले. अण्णाराव मागं रेंगाळले. "गाळा राहू दे तुझ्याकडं," म्हणाले आणि तेही गेले.

दिवस कलताना ती घरी आली. सरजाबाई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर लुंबिनी, नखांत वावरातली माती. विशाखानं कोपरापर्यंत हात धुतले आणि लेकीला उचललं. पोरीच्या जावळाला सोयाबीनच्या पाल्याचा वास येत होता. पदराखाली ती चुटूचुटू पिऊ लागली, तसं विशाखाचं आवळलेलं अंग सैल झालं. बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"आत्याबाई, गाळ्याला कुलूप लागत होतं आज."

सरजाबाईनं मान वर केली. "कशापायी?"

"माझ्या वाईटावर कोणी तरी हाय. किशनरावांची पट्टी करवतीनं कापत होतं. म्या उघडं पाडलं. किशनराव आता त्याला ठाण्यात नेणार हायत."

सरजाबाई नखातली माती काढू लागली.

"अण्णारावानं तुझा जोड बघितला का?"

"बघितला. बोट फिरवून बघितला. त्याच्यानंच वाचले."

"वाचणारच," सरजाबाई म्हणाली. "दर बारीला जोडाच्या कडंला बोट ठिवायची, अन् मगच पातं लावायची मी."