भिंतीवरचं घड्याळ

शाळेची घंटा देता देता दादांची अडतीस वर्षं सरली होती. गुडघे कुरकुरत होते, पण निवृत्तीचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं, “ज्या दिवशी माझी घंटा उशिरा वाजेल, त्या दिवशी मी आपण होऊन घरी बसेन.”

घंटा कधी उशिरा वाजतच नव्हती. दादा धापा टाकत जिना चढून येत, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सातला दोन मिनिटं उरलेलीच असत.

हल्ली मात्र त्या घड्याळाच्या काचेवर बोटांचे ठसे दिसत, आणि दादा दिसले की मोठ्या बाई बोलता बोलता गप्प होत. संशय शिरला की देवमाणसातही चोर दिसतो. “काटे पुढे सारून मला उशीर झाला असं ठरवायचं, आणि माझ्या जागी आपला भाचा चिकटवायचा! उद्या रंगेहाथ धरतो बघ,” दादांनी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधीच येऊन कपाटाआड उभे राहिले.

बाई आल्या, खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी काटा दहा मिनिटं मागे सारला.

“रोज सकाळी मागे, दुपारी पुढे! कशाला हा खटाटोप, बाई?” झाडणाऱ्या मावशींनी विचारलं.

“दादांना जिना चढायला तेवढा वेळ लागतो हो आता. उशीर झाला असं त्यांना वाटायला नको.”



त्या दिवशी घंटा रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी, म्हणजे खऱ्या सातला वाजली. आणि टोल देऊन झाल्यावर दादांनी हातोडी बाईंच्या हातात ठेवली.